‘हिना’ घेऊन मावळात

मावळ म्हटलं की आमच्या नेवाशाकडच्या लोकांना एक तर किल्ले आठवतात, नाही तर चिक्की. मी मात्र गेल्या थंडीत मावळात जाऊन आले ती एका ग्रीक शब्दापायी. निघताना आमच्या गल्लीतल्या काकांनी विचारलं, "ग्रीस तिकडून जवळ पडतं का गं?" त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही आधी सांगून टाकते, म्हणजे पुढची वाट बरोबरीनं चालता येईल.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या उसाला पाणी दिलं, आईनं खुरपणी केली, आणि मी पुण्याला येऊन बी. ए. झाले. तेवढ्यावर थांबले नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या वर्गात बसून ग्रीक शिकले. ती कॉम्प्युटरची भाषा आहे अशी आईची अजून समजूत आहे, पण पाहुण्यांसमोर ती अभिमानानं सांगते. मीही सांगते. मिरवण्यासारखं आहे ते मिरवावं.

सध्या मी एका छोट्या गटात काम करते. आमच्या खेड्यांतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही योहानाचं शुभवर्तमान साध्या, बोलत्या मराठीत आणतोय आणि त्याचं रेकॉर्डिंग करतोय. कामाची रीत अशी, की मजकूर तयार झाला की तो ज्यांनी कधीच ऐकलेला नाही अशा माणसांना वाचून दाखवायचा आणि म्हणायचं, "आता तुम्ही सांगा." समजावायचं नाही. सुचवायचं नाही. चर्चमधल्या मंडळींवर ही परीक्षा चालत नाही. त्यांना सगळं पाठ असतं, त्यामुळे तुम्ही काहीही वाचा, त्यांना कळतंच.

माझ्याकडे नववा अध्याय होता. रस्त्याच्या कडेला एक जन्मांध माणूस बसलाय. शिष्य येशूला विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापानं, की हा असा आंधळा जन्मला? येशू म्हणतो, ना यानं, ना याच्या आईबापानं. आणि मग ग्रीकमध्ये ‘पण’नंतर एक लहानसं अव्यय येतं, ‘हिना’. दोन वाक्यं जोडणारं. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘यासाठी की’. कधी नुसतं ‘की’. कधी कधी तर ‘असं होऊ दे’. आमचे साळवेसर, ज्यांच्याकडे मी ग्रीक शिकले आणि जे आमच्या गटाचे प्रमुख आहेत, त्यांनी लिहिलं होतं: "पण देवाची कामं याच्यात दिसावीत म्हणून हा आंधळा जन्मला." मला ते वाक्य बुटातल्या खड्यासारखं टोचत होतं, पण का ते सांगता येत नव्हतं. सर म्हणाले, "मग जा, लोकांना ऐकवून ये. शुक्रवारी लोणावळ्याला रेकॉर्डिंग आहे. तोवर पटवून दे, नाही तर माझं वाक्य राहील."

पवनानगर

हॉस्टेलवरची माझी धाकटी मैत्रीण प्रियांका लग्न होऊन पवनानगरजवळच्या वाडीत गेली. तिच्याकडेच राहायचं ठरलं. कामशेतला लोकलमधून उतरायचं आणि शेअर जीपनं पुढे. "स्टँडवर माझे थोरले दीर असतील," ती फोनवर म्हणाली होती. "ओरडत असतील. त्यांनाच विचार."

जीपमध्ये चौथ्या सीटवर मी आणि मांडीवर कुणाची तरी कोंबडी. पण वाट अशी देखणी की कोंबडीचं काही वाटेना. आमच्याकडे काळी सपाट जमीन, नजर जाईल तिकडे ऊस. इथं जिकडे पाहावं तिकडे डोंगर उभे, आणि त्यांच्या पायाशी भात कापून झालेली खाचरं, न्हाव्यानं नुकती दाढी केल्यासारखी. मधूनच पाटी: टेंट, बार्बेक्यू, लेक व्ह्यू.

पवनानगरला उतरले, कोंबडीवालीचा निरोप घेतला, आणि मागं वळून पाहते तो जीप कामशेतकडे परत निघालेली, टपावर माझी बॅग. मी बोंब मारली.

"कुटल्या गाडीत हुता?" एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस जवळ आला. याचाच आवाज मघापासून "कामशेत, कामशेत, चला बसा!" असा सगळ्या स्टँडवर घुमत होता.

"पांढऱ्या."

"पांढऱ्या तर समद्याच. ब्रेक मारल्याव डुकरावानी वराडत हुती का?"

"हो, हो!"

"मंग ती येती माघारी. पुढल्या फेरीला. बसा चहा पीत." त्यांनी फोन काढून कानाला लावला, ड्रायव्हरला दोन शिव्या घातल्या, आणि मला म्हणाले, "तुमी आमच्या प्रियांकाच्या मैत्रीण नव्हं? आवाजावनं नगरकडच्या वाटता. म्या किसन."

चहाचा कप मी त्यांच्यापुढे धरला. हात आला तो कपाच्या जरा डावीकडे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की किसनभाऊ माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे पाहताहेत.

"जन्मापास्नं," ते आपणहून म्हणाले. "लोक इचारायला लाजत्यात, म्हनून म्याच सांगून टाकतो. बॅगंत काय हाय? साड्या?"

बॅगेत काय होतं ते आता तुम्हीच आठवा. पुढच्या फेरीला जीप वराडत आली, आणि टपावर बॅग तशीच होती.

प्रियांकाची पडवी

घर तीन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत वाळत घातलेला पावटा. प्रियांकाला पाचवा महिना. नवरा उर्शाला कंपनीत, रात्रपाळीला. सासू गंगूमावशी, लहान चणीची, पण चालताना वाऱ्यासारखी. पहिल्याच जेवणात इंद्रायणीचा मऊ भात, धरणातल्या माशाचं लालभडक कालवण आणि नाचणीची भाकरी. आमच्याकडे भात म्हणजे जेवणाच्या शेवटी दोन घास. इथं भातानं सुरुवात, भातानं शेवट, आणि मध्ये भाकरी तोंडी लावायला! मी बाजरीच्या मुलखातली, पण तीनदा भात घेतला. मावशी म्हणाली, "खा गं. वाळून कोळ झालीयास शिकून शिकून."

प्रियांकाला मी बाजूला घेऊन म्हणाले की मी दुसरा अध्याय वाचते. पाण्याचा द्राक्षारस होतो तो. लग्नातला आहे, सगळ्यांना आवडतो. पण किसनभाऊंचे कान! ओट्यावरून ओरडले, "का? माझ्यासाठनं का? आंधळ्याची गोष्ट आंधळ्याम्होरं नगं व्हय? आमी डोळसांच्या गोष्टी जन्मभर ऐकल्या की!"

"आणि तुमी आमाला बाटवाया आलाय का, ते बी सांगा," शेजारच्या पडवीतून एक जाड आवाज आला. ती हौसाबाई, गंगूमावशीची मोठी जाऊ. मशेरी लावत बसली होती.

"मी ख्रिस्ती आहे, ते लपवत नाही," मी म्हणाले. "पण काम भाषेचं आहे. ऐकायचं आणि काय कळलं ते सांगायचं. एवढंच."

"मंग ऐकू. टीव्ही बंदच पडलाय," म्हणून ती पाट घेऊन आलीच.

दिवस कलायच्या आत मी वाचायला लागले. मावशी आणि प्रियांका सुपात पावटा सोलत होत्या. येशू मातीत थुंकून चिखल करतो, आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो, तो धुऊन येतो, त्याला दिसायला लागतं. मग जाणती, मोठी माणसं त्याची उलटतपासणी घेतात. घाबरलेले आईबाप म्हणतात, तो मोठा आहे, त्यालाच विचारा. "भ्याली बिचारी," मावशी म्हणाली, "वाळीत टाकतील म्हनून." पुढच्याच ओळीत तेच आहे, आणि ती मी अजून वाचलेली नव्हती. आणि तो मघाचा आंधळा त्या जाणत्यांना जेव्हा विचारतो, "पुन्हा पुन्हा विचारताय, तुम्हालाही त्याचे चेले व्हायचंय की काय?" तेव्हा किसनभाऊंनी मांडीवर अशी थाप मारली की पावट्याचं सूप उडालं.

"लय भारी! ह्याला आपल्या स्टँडवर आना!"

पण मावशी हसत नव्हती. म्हणाली, "ते सुरवातीचं परत वाच."

मी वाचलं. "ना यानं पाप केलं, ना याच्या आईबापानं."

"परत."

वाचलं.

"जरा मोठ्यानं वाच बाय. आमच्या जाऊबाईस्नी कमी ऐकू येतंय."

हौसाबाई काही बहिरी नव्हती. तिनं मशेरीचं बोट पुसलं आणि म्हणाली, "ऐकलं की. पर त्याच्या म्होरलंबी वाच ना. का तिथं गप बसायचं?"

मी पुढचं वाचलं: पण देवाची कामं याच्यात दिसावीत म्हणून हा आंधळा जन्मला.

"बघ!" हौसाबाई म्हणाली. "म्हंजी देवानंच आंधळा केला. आता देव उगं कुणाची खोडी काढतोय व्हय? आईनं कायतरी केलं असंल तवाच ना?"

मावशी सूप उचलून आत गेली. किसनभाऊ म्हणाले, "म्हंजी मला काय दावायला जल्माला घातला? जत्रंतल्या पाच पायाच्या गाईवानी?"

ते हसत म्हणाले. पण तो बुटातला खडा काय होता ते मला त्या पडवीत कळलं.

धरणाच्या काठी

दुसऱ्या दिवशी प्रियांकानं मला धरणावर नेलं. तुंग आणि तिकोना हे दोन किल्ले पाण्यात असे उलटे पडलेले, की कुठला खरा आणि कुठला पाण्यातला हे पाहायला मान वाकडी करावी लागते. काठाला रंगीबेरंगी तंबू. मुंबईची पोरं सकाळच्या थंडीत ब्लँकेटं पांघरून मॅगी खात होती. मी पाण्यात पाय सोडायला एका दगडावर बसले, तो दगड शेवाळलेला निघाला, आणि मी कमरेपर्यंत आत. प्रियांका एका हातानं पोट धरून हसली आणि दुसऱ्या हातानं मला ओढलं. मग उन्हात वाळत बसलो असताना तिनं सगळं सांगितलं.

किसनभाऊंच्या वेळी मावशी सात महिन्यांची होती, आणि ग्रहण लागलं. ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरू नये, कापू नये, उठबस करू नये, खाऊ नये, हे तुम्हालाही माहीत असेल. आमच्याकडेही अर्धी गल्ली पाळते, ख्रिस्ती असून. कोवळी पोर, दिवसभर पोटात काही नाही. तिनं मागच्या दारी बसून एक काकडी चिरून खाल्ली. हौसाबाईनं पाहिलं. पोर आंधळं झालं. तेव्हापासून घरात कुणी कधी ओरडून बोललं नाही, पण काकडी चिरताना हौसाबाई एकदा मावशीकडे पाहतेच. मावशीच्या शब्दाला घरात तेव्हापासून वजन नाही.

"आणि आता पुढच्या महिन्यात ग्रहण आहे," प्रियांका म्हणाली. "चुलतसासूंनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय. मला कोंडून ठेवणार आहेत. मी बसेनही गं. एक दिवसाचं काय! पण बाळाला काही झालंच, कशानंही, तर मग जन्मभर माझ्याकडे तसंच बघतील. आणि सासूबाई माझ्या बाजूनं बोलू शकत नाहीत."

प्रियांका बी. कॉम. आहे. तालुक्याच्या दवाखान्यात नियमानं तपासून येते. तिला ग्रहणाची भीती नव्हती. त्या बघण्याची होती.

घरी आलो तर मावशी चुलीपुढे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाय, तुझ्या त्या पुस्तकात म्होरलं खरंच तसंच हाय का?"

नियम सांगतो, समजावायचं नाही. मी ग्रीक पुस्तक घेऊन ओट्यावर बसले. तो उतारा मी कितीदा वाचला असेल, पण दर वेळी डोक्यात सरांचं मराठी धरून. आता शब्दावर बोट ठेवून वाचला. आणि पाहते तर, ‘पण देवाची कामं याच्यात दिसावीत’ एवढंच आहे. ‘म्हणून हा आंधळा जन्मला’ हे तिथं नाहीच! वाक्य अर्धं सुटलेलं वाटतं म्हणून ते आपण भरलेलं. शिष्यांच्या प्रश्नातून उचलून उत्तरात घातलेलं.

"किसनभाऊ," मी ओरडले, "हिना!"

"अत्तर?" ते म्हणाले.

मावशीला मी एवढंच सांगितलं की अजून बघावं लागेल, शुक्रवारी लोणावळ्याला ठरेल. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"मंग म्याबी येती."

दुधिवरे खिंडीतून

किसनभाऊंना मी बोलावलंच होतं. त्या आंधळ्याचं बोलणं रेकॉर्ड करायला आमच्याकडे जो आवाज होता तो बँकेतल्या साहेबासारखा होता. किसनभाऊ ते वाक्य म्हणाले तेव्हाच मी ठरवलं. मावशी येणार म्हटल्यावर प्रियांकाही निघाली. लग्न झाल्यापासून इतक्या जवळचा लोणावळा तिनं पाहिला नव्हता. आणि जीप सुटणार एवढ्यात हौसाबाई नवं लुगडं नेसून हजर.

"तू कुटं?" मावशी.

"का? लोनावळा काय तुज्या बापाचा हाय? मला चिक्की आनायचीय."

खिंडीचा घाट चढताना थंडी बोचत होती, खाली धरण चकाकत होतं. किसनभाऊ पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला सांगत होते, "आता उजवं वळान. हॉर्न दे. हितं नेहमी म्हशी असत्यात." आणि होत्या. दोघी जावा शेजारी शेजारी, पण मध्ये पिशवी.

लोणावळा

आमचा मुक्काम एका जुन्या बंगल्यात होता. खिडक्यांना गाद्या लावून एका खोलीचा स्टुडिओ केलेला. तरी पलीकडच्या हॉटेलातलं गाणं येतच होतं, आणि ते थांबलं की चिक्कीवाल्याचा भोंगा: "मगनलाल नाही, छगनलाल नाही, आमची घरची चिक्की!" त्यामुळे येशूचं एक वाक्य तीनदा घ्यावं लागलं होतं.

साळवेसर मफलर गुंडाळून बसले होते. मंडळींना बाहेर बसवून मी पडवीत काय झालं ते सरांना सांगितलं आणि पुस्तक पुढे ठेवलं.

"सर, ‘हा आंधळा जन्मला’ हे उत्तरात नाही."

"माहीत आहे," सर शांतपणे म्हणाले. "वाक्य तुटतं. ग्रीकमध्ये चालतं, मराठीत लोंबकळतं. भरावं लागतं."

"मग पुढच्या वाक्यातून भरा. जुन्या हस्तलिखितांत पूर्णविराम कुठे होता? ‘देवाची कामं याच्यात दिसावीत, म्हणून दिवस आहे तोवर आपण कामं केली पाहिजेत.’ सरळ जातं."

"हिना म्हणजे हेतू. मागच्याला जोडलं तर हेतू मागं जातो. शेकडो वर्षं लोकांनी तसंच वाचलंय."

"प्रश्नातही हिनाच आहे ना, सर? ‘कुणी पाप केलं, हिना हा आंधळा जन्मला?’ मूल आंधळं व्हावं या हेतूनं कुणी पाप करतं का? तिथं तुम्हीच ‘की’ लिहिलंय. म्हणजे दर वेळी हेतूच असतो असं नाही."

सरांनी चष्मा काढला. वर्गात ते असं करायचे तेव्हा आम्ही दाराकडे बघायचो. "शालिनी, एक सांग. तू हे ग्रीक वाचून म्हणतेस, की त्या बाहेर बसलेल्या मावशींकडे बघून? ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून भाषांतर बदलायचं नसतं."

हे मला लागलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. मी म्हणाले, "मावशींमुळे मी नीट वाचलं. पण वाचलं ते ग्रीकच. मी नवं काही घाला म्हणत नाही. नसलेलं घातलंय ते काढा म्हणते. मग नाही समजलं लोकांना, तर तुमचं ठेवा."

सरांनी पुस्तक जवळ ओढून ती ओळ पुन्हा वाचली. "ठीक," ते म्हणाले. "आपल्या रीतीनं. तुझं वाक्य वाच. मी एक शब्द बोलणार नाही, तूही नाही. सांगणाऱ्यानं आपल्या पदरचं कारण घातलं, तर माझं वाक्य."

मंडळी आत आली. मी नवा मजकूर वाचला. सर मावशीला म्हणाले, "मावशी, आता तुम्ही सांगा बरं, काय ऐकलं."

मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी न्हाई सांगायची," ती म्हणाली. "मी सांगितलं तर माझ्या सोयीनं सांगितलं म्हनशीला. हिला इचारा." आणि हौसाबाईकडे बोट केलं.

हौसाबाईच्या तोंडात चिक्की होती. "मी? माइकवर?"

"माइकवरच," सर म्हणाले.

शुक्रवारचं सगळं आता त्या एका बाईच्या तोंडात, आणि तोंडात चिक्की. तिनं ती गिळली, पाणी प्यायली, लुगडं सावरलं, आणि माइकच्या इतकी जवळ बसली की रेकॉर्डिंगवाल्यानं हेडफोन काढला.

"तर मंडळी वाटंनं चालली हुती. जल्माचा आंधळा एक बसलाता. चेल्यांनी इचारलं, गुरुजी, पाप कुनाचं? ह्याचं का आईबापाचं? त्यो म्हनला, ह्याचंबी न्हाई आन आईबापाचंबी न्हाई. ते सोडा. देवाचं काम दिसाया पायजेल ना? मंग उजेड हाय तवर हात चालवा, रात पडल्याव काय करशीला? आन लगीच थुकला, माती कालवली, आन लावली त्याच्या डोळ्यास्नी."

ती थांबली. काही गाळलं नव्हतं. काही घातलंही नव्हतं.

"हौसा," मावशी म्हणाली, "त्यातलं मधलं परत सांग."

"कुटलं?"

"पाप कुनाचं, ते."

हौसाबाईनं तिच्याकडे पाहिलं. माइकचा लाल दिवा चालूच होता. ती आधी सरांकडे वळली, मग माझ्याकडे, पण आम्ही दोघांनीही बोलायचं नाही असं ठरलेलं. शेवटी ती भिंतीकडे बघून म्हणाली, "आईबापाचंबी न्हाई. ...हाय तसं सांगतेय मी. माझं न्हाई ते."

"व्हय. हाय तसंच सांग."

"न्हाई म्हनलं ना! आईबापाचं न्हाई!" हौसाबाई ओरडली, आणि का कोण जाणे, तिचेच डोळे भरले. "चाळीस वर्सं काय मी एकटीच बोलली व्हय? सासूबी बोलायची की!"

"सासू मेली," मावशी म्हणाली. "तू हायस म्हनून तुला म्हनाया लावलं."

किसनभाऊंना हसू आवरेना. "आवं, आता मला बोलू द्या कुनीतरी! आंधळा म्या हाय, आन रडताय तुमी!"

सरांनी पेन्सिल घेतली, आपलं वाक्य खोडलं, माझं लिहिलं. समासात टीप टाकली की दुसरं वाचनही शक्य आहे, पुण्याच्या मोठ्या बैठकीत पुन्हा पाहावं. तसेच आहेत ते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अव्ययावर इतक्यात समाधान मानणारा माणूस ग्रीक शिकवायच्या लायकीचा नाही. मग किसनभाऊंनी आपली वाक्यं म्हटली. "तुमालाबी त्याचं चेलं व्हायचंय व्हय?" पहिल्याच झटक्यात, पहिल्याच दमात. सर असे हसले की ते दुसऱ्यांदा घ्यावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी मी हसले.

दुपारी बाजारातून फिरलो. मावशीनं फज घेतलं आणि चाखून म्हणाली, "ही तर आपली बर्फीच की, महाग केलेली." हौसाबाईनं तीन प्रकारची चिक्की घेतली. एक पुडा तिनं न बोलता मावशीच्या पिशवीत टाकला. मावशीनं तो काढून बघितला, पुन्हा ठेवला.

संध्याकाळच्या आत त्यांना परतायचं होतं. जीपपाशी मावशीनं मला जरा बाजूला ओढलं.

"खरं सांग बाय. ते माझ्यासाठनं फिरवलं न्हाईस ना? त्ये तुझं सर म्हनत हुतं, मी ऐकलं भायेर."

मी तिला जसं आहे तसं सांगितलं. "मावशी, पुढच्या एका शब्दावर आमचं भांडण आहे. मोठमोठ्या लोकांचं आहे, आणि ते राहील. उद्या पुण्याची बैठक माझं वाक्य बदलेलही. पण ‘आईबापाचं नाही’ यावर कुणाचंच भांडण नाही. कुठल्याही पुस्तकात बघा, कुठल्याही भाषेत बघा, ते तसंच आहे."

"तेवढं पक्कं?"

"तेवढं पक्कं."

ती जीपकडे गेली. प्रियांका आत खिडकीशी बसली होती, तिच्याजवळ हौसाबाई. मावशी पायरीवर उभी राहून म्हणाली, "प्रियांका, गिरानात बसायचं तर बस, न्हाईतर नगं बसू. तुझ्या मनावर. पर पोर काळं होऊ दे, गोरं होऊ दे, कसंबी होऊ दे, ह्या घरात कुनी तुज्याकडं बघून काय बोलायचं न्हाई. म्या सांगतेय."

मग हौसाबाई सरकली.

"चढ की मंग," ती म्हणाली. "दारात उभी राहून काय पंचायत भरवतीस! बस हितं."

मावशी चढली आणि त्या दोघींच्या मध्ये बसली.